धुण्याचा वार

गुरुवारी पहाटे पाच-दहाला फोन वाजला.
डायवा म्हणाली, रात्री दोनदा उलटी झाली,
शेवटची चारला. आता बरं आहे,
येते मी, साडेसहाची बस धरते.
मी म्हणाले, येऊ नकोस.
शेवटच्या उलटीपासून अठ्ठेचाळीस तास.
पलीकडे ती काही बोलली नाही.
त्या न बोलण्यात घरभाडं होतं,
पोराचे फुटबॉलचे बूट होते,
आणि आमच्या संस्थेचा नियम:
पहिले तीन दिवस आजार ज्याचा त्याचा.

ग्रिम्सबीत अजून उजाडलं नव्हतं.
गोदीकडचा वारा खिडकीच्या फटीतून
शिट्टी घालत होता.
पाळ्यांच्या तक्त्यावर तिच्या चौकोनात
काय लिहावं कळेना.
'गैरहजर' लिहिलं.
खालच्या यादीत दुसरा शब्द छापलेलाच नाही.

मागच्या हिवाळ्यात मी आले होते.
पोटात ढवळत होतं, पण माणसं कमी होती.
सगळे म्हणाले, चिवट आहे बाई.
कुणीतरी केकसुद्धा आणला.
आठवड्याभरात सहा नंबरच्या खोलीतली गादी
मागच्या भिंतीला टेकवून उभी होती, पावसात.
मला कुणी काही विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.

कुणी कुणाला काय दिलं, माग लागत नाही.
दाराची मूठ, पलंगाचा कठडा,
टीव्हीचा रिमोट, ज्याला हात सगळे लावतात
आणि पुसत कुणी नाही.
जेलची बाटली या जंतूला पुरी पडत नाही,
नव्या पोरांना मी दर आठवड्याला सांगते:
साबण, वाहतं पाणी, नखांच्या कडा, अंगठा.
अंगठा सगळे विसरतात.

विल्फ कॉथॉर्न, खोली अकरा, वय ब्याण्णव.
उभा जन्म मासेमारीच्या बोटीवर गेला.
आज त्याने हात पाठीमागे लपवले.
'बोट सुटतेय', म्हणाला, 'आज धुणं नको.
बोट सुटायच्या दिवशी घरच्या बाईने
कापड पाण्यात बुडवलं की माणूस वाहून जातो.
आमच्या एडनाने चाळीस वर्षं
त्या दिवशी रुमालसुद्धा भिजवला नाही.'
आणि त्याच्यासमोर मी, कोपरापर्यंत ओली,
सकाळपासून सतरा वेळा हात धुतलेली.
काय सांगणार?
की विल्फ, इथे उलटं आहे,
इथे न धुतल्याने वाहून जातात माणसं?
नाही सांगितलं.
बराच वेळ तसेच बसलो.
मग एक हात त्याने दिला.
दुसरा एडनासाठी ठेवला.

दाढीला मात्र त्याला डायवाच लागते.
'ती लिथुआनियाची पोरगी कुठाय?
तिचा हात हलका.'
'सुट्टीवर', मी म्हणाले.
'मजा आहे एकेकाची.'

रात्री मजेचा निरोप आला:
बादलीशेजारी बसून मोजतेय,
एकतीस तास राहिले.
त्याआधीच, घरी जाताना, तिच्या दाराशी
पिशवी ठेवली होती मी. बिस्किटं, लिंबं,
एका पाकिटात चहाच्या डब्यातले
आम्हा सगळ्यांचे चाळीस पौंड.
त्यातले वीस
मागच्या हिवाळ्याचे, माझे.
बेल दाबून तीन पावलं मागे सरले.
दार किलकिलं झालं. आम्ही नुसता हात केला,
दोन काठांवरून करतात तसा.

शनिवारी पावणेसातला ती आली,
प्रवेशाच्या बेसिनपाशी घड्याळ काढून,
बाह्या वर सारून,
ओठातल्या ओठात तिच्या भाषेतले आकडे मोजत.
विल्फ गालावरच्या पांढऱ्या खुंटांवरून
बोटं फिरवत वाट पाहत होता.
'आज कुणाची बोट सुटत नाही ना?'
'नाही', डायवा म्हणाली, 'सगळ्या बंदरात.'

तेव्हा कुठे त्याने दोन्ही हात पुढे केले.
अंगठे आधी.